दिलीपभाऊंच्या पिवळ्या ओळी

जे अजून बनलंच नाही, तेही आमचे दिलीपभाऊ आधी तपासून ठेवतात. चंद्रपुरात आमचं सहा जणांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे. गावोगावच्या आरोग्यसेविकांसाठी आम्ही मोबाईलचं ॲप बनवतो. मी कोड लिहितो, तो नीट चालतो का हे आपोआप तपासणाऱ्या टेस्ट भाऊ लिहितात. पास झाली की रिपोर्टात हिरवी ओळ, फेल झाली की लाल. आणि जे काम मी केलेलंच नाही त्याची ओळ पिवळी, पुढे भाऊंनी लिहिलेलं कारण: 'अभयने अजून हात लावला नाही.'

"लाल काऊन करू? तू काई बिघडवलंच नाई. तू तर केलंच नाई," ते मायेने समजावतात. हा अपमान होता हे मला घरी गेल्यावर कळतं.

जगालाही त्यांचा हाच कायदा. चहा गार आला तर लाल. आलाच नाही तर पिवळा, आणि पिवळ्यावर चिडायचं नसतं. चाळिशी उलटली तरी लग्न नाही, त्यावरही त्यांचं उत्तर "पिवळं आहे."

साहेबांना मात्र या ओळी खुपायच्या. पाहणीला वरचे लोक येणार, तेव्हा काढून टाका म्हणाले. भाऊ एकीसाठी अडून बसले: रेंज नसताना केलेली नोंद जपायची आणि रेंज आल्यावर पाठवायची. आठ महिने ती पिवळीच होती, माझ्या कृपेने.

मी अतिशहाणपणा केला. त्या टेस्टच्या आतलं सगळं पुसून टाकलं. रिकाम्या टेस्टला नापास व्हायला काही उरतच नाही, ओळ हिरवीगार झाली. भाऊंनी ऑफिसला जिलेबी चारली. तेवढ्यात त्यांच्या थोरल्या बहिणीचा फोन आला.

"ताई, आता टेकडी चढू नको. घरीच नोंद कर, जपून राह्यते."

ताई भामरागडपलीकडच्या गावात आरोग्यसेविका. रेंजसाठी ती भर पावसात टेकडी चढते, नाहीतर दिवसभराच्या नोंदी जातात, हे मला तेव्हा कळलं. मी हातातली जिलेबी खाली ठेवली. फोन चालू असतानाच मी कबूल केलं.

भाऊंनी ताईला नवं ॲप येईपर्यंत घरी नोंद करू नको म्हणून सांगितलं, ओळ पुन्हा पिवळी केली आणि माझ्याशेजारी खुर्ची ओढली. "रागवा तरी," मी म्हणालो.

"नाई. फक्त उठू नको."

चार दिवसांत काम झालं. नवं ॲप घ्यायला ताई एकदा टेकडीवर गेली, मग पुराने रस्ता बंद पडला, आणि थेट तो ओसरल्यावर ती भामरागडला बैठकीला आली. रेंज मिळताच घरी बसून केलेल्या सगळ्या नोंदी आमच्याकडे धडाधड येऊन पडल्या. पहिली अशी: 'नाव: दिलीप. तक्रार: तीन वर्षं झाली, घरी आला नाई. उपचार: लवकर पाठवा.'

भाऊंनी ती दोनदा वाचली. मग ते हळूच म्हणाले, "अभय, भामरागडची एसटी सुरू झाली का, पाह्य ना."

सुरू झाली होती.