एकोणतीस घरांची कॅसेट

सोलापुरात व्हिडिओ गेमची जुनी कॅसेट विकायची असेल तर आधी तिची मुलाखत होते, आणि ती 'हो' म्हणाली तरच सौदा ठरतो. नवी पेठेत रुक्साना मुजावर बावीस वर्षं हाच धंदा करत होत्या. त्यांच्या दुकानातून गेलेली एकही कॅसेट नाराज होऊन परत आली नव्हती.

मार्चमध्ये ओसाकाच्या एका संग्रहालयाकडून मोरीताबाई आल्या. पुण्यात शिकल्यामुळे त्यांचं मराठी स्वच्छ होतं. त्यांना मोटारशर्यतीची एक कॅसेट हवी होती. ओसाकात तसली उरलीच नव्हती. रुक्सानांनी आपल्याकडची एक पुसून खुर्चीवर बसवली आणि चहा सांगितला.

मोरीताबाईंनी फॉर्म काढला. "मूळ खोकं?"

"पहिल्याच आठवड्यात फाटलं," कॅसेट म्हणाली.

"माहितीपुस्तक?"

"वाचायला सवड कुणाला होती?"

"ओरखडे?"

"ते नाही मोजले. पण एकोणतीस घरं पाहिलीत. एका घरी तर वरात दारात उभी, आणि नवरदेव मला सोडून उठेना."

मोरीताबाईंनी पेन खाली ठेवलं. "आमच्याकडे जिला कुणाचा हात लागलेला नाही, तिला मान. या फॉर्मप्रमाणे आपण नापास आहात."

रुक्सानांची कानशिलं तापली. पाहुणीला उलट बोलायचं त्यांच्या जिवावर आलं, पण गप्पही बसवेना.

"बाई, आमच्याकडे जिला कुणी हात लावला नाही, तिला आम्ही जवळ बसवून विचारतो, बाई गं, तुझं काय चुकलं?"

मोरीताबाईंनी फॉर्म पुन्हा पुढे ओढला. मग पट्टी मागून घेतली, एक नवा रकाना आखला, वर 'घरं' असं लिहिलं आणि खाली एकोणतीस. शिक्का मारला.

"येणार का?" त्यांनी कॅसेटला विचारलं.

"येईन. पण काचेच्या कपाटात बसणार नाही. मला रोज खेळवायचं."

मोरीताबाईंनी ओसाकाला फोन लावला. पाऊण तास बोलल्या. "मान्य आहे," त्या म्हणाल्या.

कॅसेट निघाली तेव्हा रुक्साना ताठ मानेनं दुकानाच्या पायरीवर उभ्या होत्या. शेजारच्या कापडवाल्याला त्यांनी आपण होऊन सांगितलं, "आमच्याकडची आहे. ओसाकाला चाललीय."

जूनमध्ये तिकडून एक पार्सल आलं. आत चौदा कोऱ्या कॅसेटी होत्या, खोक्यांसकट, आणि प्रत्येकीचा वेगळा अर्ज. नव्या रकान्यात आपलं शून्य भरलं आहे, तरी सोलापूरला बदली मिळावी.

रुक्सानांनी चौदाही अर्ज मंजूर केले. पहिलीचं प्लास्टिक सोललं, तशी ती अंग चोरून म्हणाली, "मला सवय नाही हो."

"होईल," रुक्साना म्हणाल्या, आणि बाहेर बाकावर घरी कॅसेट न्यायला थांबलेल्या दातेवहिनींना त्यांनी आत बोलावलं.