कुंडीतले आदर्श शेत

मानवजातीच्या इतिहासात क्रांत्या दोनच. माणूस शेती करू लागला ती पहिली, आणि त्यासाठी त्याला शेतात जावे लागेनासे झाले ती दुसरी. यातली दुसरी आमच्या साडूंच्या स्वयंपाकघरात, भांडी निथळत ठेवतात त्या फळीशेजारी झाली.

साडू तसे मागासलेले. टोमॅटोला पाणी हवे की नको, हे ते माती मुठीत दाबून ठरवीत. (या पद्धतीला पासवर्ड नसल्याने ती असुरक्षित मानतात.) मग डिजिटल शेतीचे सल्लागार आले. त्यांनी पंपाचे जुने बटण काढून नेले आणि ओलावा मोजणारे यंत्र दिले. माती सुकली की यंत्र मोबाईलला सांगणार, मोबाईल पंपाला. माणसाचा संबंधच नाही, त्यामुळे चुकीचाही नाही. या योजनेवर शंभर टक्के शेतकरी खूश असल्याचे पाहणीत आढळले. (पाहणीच्या वेळी एकच शेतकरी घरी होता. तो झोपला होता.)

शेतात मात्र रेंज नव्हती. यंत्र वाफ्यात खोचले की मोबाईलवर उमटे : ‘शेत आढळले नाही.’ हे साडू शेतात उभे राहून वाचत. सल्लागारांनी चुटकीसरशी तोड काढली. घरभर हिंडून रेंज शोधली, ती खिडकीतल्या कुंडीपाशी सापडली. कुंडीत शेतातली दोन मुठी माती घातली, यंत्र खोचले, वर सील ठोकले.

“आजपासून हेच तुमचं शेत,” ते म्हणाले.

तेव्हापासून शेताचा ओलावा उत्तम आहे. मेहुणी भांडी घासताना पेल्यातले उरलेले पाणी सवयीने कुंडीत ओते. अहवाल सुरेख, पंप बंद, आणि टोमॅटोंनी माना टाकलेल्या. साडू बादलीने एक ओळ भिजवतात तोवर पुढची कोमेजते.

“अगं, कुंडीत पाणी घालू नकोस! शेत सुकलं तरच शेत भिजेल!”

“मी कधीच थांबले. तुमचे पाहुणे ओततात!”

“मग उपटू का ते यंत्र?”

“उपटा. सल्लागार चोरी समजून पंप हंगामभर बंद ठेवतील. करारावर तुम्हीच सही केलीत ना, न वाचता?”

पाहुण्यांचे असे, की कुंडीला ‘आदर्श शेत’ हा पुरस्कार मिळाला आहे. तेव्हापासून शेतीविषयी कळवळा असलेली माणसे लांबून येतात, कुंडीशेजारी फोटो काढतात आणि निघताना हातातल्या पेल्यातले पाणी तिच्यात ओततात. शेतकऱ्यासाठी काहीतरी केल्याचे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसते. घरामागच्या शेतात टोमॅटो कसे आहेत, हे अजून कोणी विचारलेले नाही.

काल सकाळी कुंडीतली माती सुकत आली होती. साडू मोबाईल हातात धरून पंपाशी जाऊन बसले होते. तेवढ्यात दारात गाडी थांबली.

आपणही इथवर वाचलेत, म्हणजे कळवळा आपल्यालाही आहे. आपण येणारच. जरूर या, बसा, फोटो काढा. फक्त एक करा : पेल्यात पाणी उरलेच, तर तेवढे पिऊन टाका.