अल ऐनची उसनी आत्या

बारशात आत्याचं काम काय असतं? बाळाच्या कानात नाव सांगायचं. बस्स! आणि हे काम माझ्याइतकं चोख आमच्या खानदानात कोणी करत नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. (म्हणजे सांगत होते.)

माझा धाकटा भाऊ सिद्धार्थ मँचेस्टरला असतो. त्याला मुलगी झाली. नाव ठरलं मिहिका, पण ते बारशापर्यंत माझ्याशिवाय कुणाला कळता कामा नये, अशी त्याच्या बायकोची, शुभ्राची सक्त ताकीद. "ताई, आमच्या ओळखीत एकही मिहिका नाही. म्हणून तर ठेवतोय!"

बारसं रविवारी. मी पुण्याहून गुरुवारीच निघाले. महिनाभर कुकर लावताना, स्कूटर चालवताना 'मिहिका, मिहिका' घोकत होते. तयारी म्हणजे तयारी!

दुबईला धुकं! वाळवंटात धुकं, ऐकलंय कधी? आमचं विमान वरच्या वर घिरट्या घालत बसलं आणि आम्ही उतरेपर्यंत मँचेस्टरचं उडून गेलं. काउंटरवरचा उमर गोड हसून म्हणाला, "नेक्स्ट सीट सॅटरडे, इन्शाल्ला."

"इन्शाल्ला नको रे बाबा, कन्फर्म सांग!" मला रडूच यायला लागलं.

सिद्धार्थने फोनाफोनी केली आणि त्याचा कॉलेजचा मित्र वेदांग दीड तास गाडी हाणत मला न्यायला आला. तो अल ऐनला राहतो. मला वाटलं, वाळूत चार घरं आणि दोन उंट असतील. बघते तर खजुराच्या बागा, चौकाचौकात फुलं, आणि दारात वेदांगची आई प्रमिलाकाकू! ताटात गरम थालीपीठ, वर लोण्याचा गोळा. म्हटलं, अडकावं तर असं.

त्या घरातही एक बाळ होतं. चार महिन्यांची गुटगुटीत मुलगी, आणि सगळे तिला 'बेबी' म्हणत होते.

"नाव आहे हो, आभा," वेदांगची बायको पर्णिका म्हणाली. "पासपोर्टवरही तेच आहे. पण बारसं राहिलंय. वेदांगला बहीण नाही ना! आई म्हणतात, आत्याशिवाय बारसं नाही."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी थालीपिठाकडे पाहिलं. नाही कोणत्या तोंडाने म्हणणार?

"तू सिद्धार्थची बहीण, म्हणजे वेदांगचीही बहीणच! यल्ला, चला, उद्याच उरकू!"

"काकू, निश्चिंत राहा," मी म्हटलं. "आभा! दोन अक्षरं! लक्षात ठेवायला असं काय लागतं?"

शुक्रवारी सुट्टी टाकून वेदांगने हॉलमध्ये पाळणा बांधला. घुगऱ्या शिजल्या. वरवंटा मिळेना, म्हणून गोविंद-गोपाळ करायला काकूंनी लाटण्याला टोपडं घातलं. बिल्डिंगमधल्या झाडून सगळ्या बायका आल्या. शेजारच्या लाहोरच्या अजराभाभींना मी समजावलं, "भाभी, मैं कान में नाम बोलूंगी, तब सबने मेरी पीठ पे मुक्का मारने का. धीरे से!"

"मुक्का? बस, इतनी सी बात!" भाभी बाह्या सरसावत म्हणाल्या.

मी वाकले. 'कुर्र' म्हटलं. आणि भाभींनी असा काही गुद्दा घातला, की महिनाभर घोकलेलं सगळं भस्सकन बाहेर पडलं. "मिहिका!!"

कानात कसलं, पार लिफ्टपर्यंत ऐकू गेलं! बायकांनी टाळ्या वाजवल्या. "मिहिका! मिहिका!" टेबलावरचा केक मात्र 'आभा' म्हणत होता.

"ताई," वेदांग पुटपुटला, "अहो, पासपोर्टवर..."

"पासपोर्ट सरकारचा, कान माझ्या नातीचा!" काकू गरजल्या. "कानात गेलं तेच नाव. खलास!"

आणि ती लबाड पोरगी खुदकन हसली की हो! पर्णिका विरघळलीच. तिने मोबाईलवर घेतलेला व्हिडिओ लगेच वेदांगला पाठवला, वेदांगने कॉलेजच्या ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपवर सिद्धार्थ होता.

दोन मिनिटांत फोन. शुभ्रा! "ताई, आता ती मोठी मिहिका आणि आमची नक्कल? मला नकोच ते नाव!"

एका बारशात दोन बाळांची वाट लावली होती मी! काकूंनी फोन माझ्या हातातून घेतला आणि स्पीकरवर टाकला.

"शुभ्रा, बाळा, आमची आभा आता मोकळीच आहे. घेऊन टाका की!"

पलीकडे शुभ्राने नाव पुटपुटून पाहिलं. मग हळूच, "आभा... छान आहे हो."

मला इतकं हलकं वाटलं, की मी दोन वाट्या घुगऱ्या खाल्ल्या आणि अजराभाभींना मिठी मारली.

रविवारी मँचेस्टरला पाठीत पाच बुक्के बसले, तरी मी हलले नाही. कानात स्पष्ट, हळू, अचूक, "आभा!" शुभ्राने मला घट्ट जवळ घेतलं.

मग सिद्धार्थने मला किचनमध्ये ओढलं. "ताई, मी शुक्रवारी सकाळीच रजिस्ट्रेशन करून आलो. मिहिका म्हणून. व्हिडिओ नंतर बघितला गं! शुभ्राला अजून माहीत नाही. तू सांगशील?"

मी सांगितलं. आत्या ना मी!

आता अल ऐनला पासपोर्टवरची आभा 'मिहिका' म्हटलं की वळून बघते, आणि मँचेस्टरला दाखल्यावरची मिहिका 'आभा' म्हटलं की. दोघी मजेत आहेत.

शुभ्राला आता दुसरं होणार आहे. बारशाचं तिकीट मला आत्ताच आलंय! घुगऱ्या शिजवायला. कानात नाव तिची बहीण सांगणार आहे.