निम्म्याचं निम्मं

"इंजिन म्हणजे शेवटी गणितच," जावयानं दात घासता घासता जाहीर केलं. तोंडात फेस असताना घोषणा नीट उमटत नाही, म्हणून चूळ भरून त्यानं ती पुन्हा केली.

गाडी सासऱ्यांची, पण जीव जडला जावयाचा. आज दहा वाजता सासरे फेरी मारायला येणार होते. गाडी नीट धावली तर ती कायमची त्याची, नाहीतर थेट भंगारात. त्यानं हौसेनं तिला टर्बो बसवला होता आणि इंजिनात पेट्रोलची पिचकारी मारणारे इंजेक्टर दुप्पट मोठे घातले होते.

"पिचकारी दुप्पट, तर ती उघडी ठेवायची वेळ निम्मी," तो बायकोला म्हणाला. "सोपं आहे गं."

गाडीत इंजिनाला जोडलेल्या लॅपटॉपवर या वेळेचा अडीचशे चौकटींचा तक्ता होता. सगळ्या चौकटी निवडायच्या आणि त्यांतले आकडे निम्मे करायचे. त्यानं केले आणि तो इस्त्रीचा शर्ट घालायला आत गेला.

बायको हिशेब तपासनीस, तिचे वडील गणिताचे मास्तर. त्या घराण्यात चूक तोंडावर दाखवत नाहीत, गुपचूप दुरुस्त करतात. शिवाय नवरा बोलतो ते करतोच असं नाही, हा तिचा संसाराचा अनुभव. तिनं हळूच तक्ता निम्मा केला आणि साळसूदपणे कुंड्यांना पाणी घालू लागली.

जावई आला, त्यानं किल्ली फिरवली. इंजिन दम्याच्या रोग्यासारखं खोकलं आणि गप्प झालं.

"च्यायला, मी दोनदा निम्मं केलं की काय?" त्यानं तक्ता दुप्पट केला. तेवढ्यात बॅटरीची शंका आली, म्हणून चार्जर आणायला तो आत पळाला. इकडे बायकोला आपल्या पापाची टोचणी लागली. तिनंही दुप्पट केला.

या वेळी इंजिन धडाडून पेटलं, आणि मागून असा काळा धूर निघाला की शेजारणीच्या दोरीवरच्या चादरी दुखवट्याला निघाल्यासारख्या दिसू लागल्या.

"अहो, बंद करा! मी दुप्पट केलंय!"

"तू? अगं, मी केलं होतं!"

"पण त्याआधी मी निम्मं केलं होतं ना."

"ते तर मीच केलं होतं!"

फाटकाची कडी वाजली. सासरे आले होते. नवराबायकोनं एकमेकांच्या साक्षीनं, लग्नातसुद्धा दाखवली नव्हती अशा एकजुटीनं, तक्ता एकदाच निम्मा केला.

आणि गाडी अशी निघाली म्हणता! लोण्यातून सुरी जावी तशी. लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेल्या सासऱ्यांच्या भुवया वर गेल्या. जावयाची छाती तर स्टिअरिंगला टेकली.

"मोठे इंजेक्टर म्हणजे वेळ निम्मी करावी लागली असेल," सिग्नलला थांबल्यावर सासरे म्हणाले.

"केली ना, बाबा."

"नक्की केलीत?"

"केली."

जन्मभर पोरांकडून "केलाय सर, वही घरी राहिली" ऐकलेला माणूस होता तो. जावई सिग्नलकडे बघत होता. सिग्नल हिरवा झाला, आणि गाडी खोकून गप्प झाली.

जावयानं वळून पाहिलं. सासऱ्यांचं बोट अजून लॅपटॉपवरच होतं.

मागून हॉर्न वाजू लागले. दोघं खाली उतरले आणि शेजारी शेजारी उभे राहून गाडी ढकलू लागले.

"जावईबापू," सासरे धापा टाकत म्हणाले, "गाडी तुमच्याकडेच राहू द्या. गणित चांगलं आहे तुमचं."

चूक तोंडावर दाखवायची नाही, ही घराण्याची रीत. जावयानं ती पाळली आणि घर येईपर्यंत गाडी ढकलली.