मुदपाकखाना पाडला आणि मीठ वाढले, त्याची बखर

॥ श्रीअन्नपूर्णा सांभाळो ॥

चुलीवर दूध ठेवले असेल तर आधी उतरवून यावे, मग ही हकीकत ऐकावी. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, कार्तिक मास. ते समयी तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचे एक राज्य नांदत होते. राज्याचे धनी नरहरराव, मोजणी खात्यातून निवृत्त जाहलेले. अवघ्या तालुक्याचे बांध त्यांस तोंडपाठ, परंतु स्वतःच्या मुदपाकखान्याचा, म्हणजे स्वयंपाकघराचा, उंबरा एकेचाळीस वर्षांत ओलांडला नव्हता. पाणी हवे असले तरी बाहेरून हात लांब करीत. आतला अंमल कमळजाबाईसाहेबांचा. बाई सर्वांस वाढीत आणि शेवटी आपण पातेल्यातच भात कालवून ओट्याशी उभ्याने जेवीत. त्यांची मागणी जन्मात दोनच. एक, खण ओढला की आवाज न करता बाहेर यावा असा नवा ओटा. आणि दुसरी, ही हसत हसत सांगत, की एकदा कोणीतरी मला पाटावर बसवून गरम ताट वाढावे.

मग राव पहिल्या मागणीपुरते उदार जाहले, आणि झुंबरशेठ कंत्राटदार यांस पाचारण केले. शेठ छातीवर हात ठेवून बोलले, "काका, आठ दिवस. नवव्या दिवशी काकू नव्या किचनात पोळ्या लाटतील. शब्द आहे आपला." आणि एका सकाळीत जुना ओटा पाडला, गॅसची नळी बंद केली, भिंतीस भगदाड पाडले, आणि मग शेठ मेहुण्याच्या लग्नास गेले. लग्न आटोपले तो सुताराची पाठ धरली, पाठ सुटली तो फरशी चुकीच्या रंगाची आली, आणि ऐसे करिता करिता पौष उजाडला. इकडे बाईंच्या पोटात दुखणे निघाले, आणि ते कंत्राटदारासारखे रेंगाळले नाही. इस्पितळाने दोन महिने ठेवून घेतले, मग घरी पाठविले आणि डॉक्टर रावांस बाजूस नेऊन म्हणाले, "आता पथ्य काही नाही. मागतील ते द्या." राव मान हलवून जिना उतरले आणि अर्ध्या जिन्यात कठडा धरून उभे राहिले. पथ्य सुटणे म्हणजे काय, हे त्यांस उमगले होते.

शेजारचे डबे आले, बाईंनी तोंड फिरविले. राव म्हणाले, "दोन घास तरी खा." बाई म्हणाल्या, "घरची आमटी असती तर गेले असते दोन घास. पण घराला चूलच कुठाय?" ते ऐकून रावांनी कंबर बांधली, आणि सकाळी नऊच्या सुमारास मोहीम न्हाणीघराकडे निघाली.

न्हाणीघरात कपडे धुण्याचे यंत्र, तोच ओटा केला, आणि त्यावर विजेची शेगडी ठेविली. पितळेचे पातेले ठेविले, तो शेगडी टीं टीं ओरडून बंद पडली. स्टीलचे ठेविले, चालली. तूरडाळ पलंगाखालच्या सुटकेसीत सापडली आणि मसाल्याचा डबा बुटांच्या कपाटात. सांडशी काही सापडेना, म्हणून हत्यारांच्या पेटीतून पक्कड आणिली. मग आतून हाक गेली, "अगं, डाळीत पाणी किती?"

पलंगावरून उत्तर आले, "दोन पेरं वर."

"कोणाच्या बोटाची?"

"तुमच्या बोटाचा काय संबंध? माझ्या!"

मोजणी खात्याचा माणूस, अंदाजावर कसा चालणार? राव टेप घेऊन पलंगापाशी आले आणि बाईंच्या तर्जनीची दोन पेरे मोजिली. बोट काडीसारखे जाहले होते. माप घेऊन जाहले तरी राव ते बोट सोडीनात, तेव्हा बाईच म्हणाल्या, "अहो, शेगडी चालू आहे ना तिकडे?"

राव धावले. डाळ कुकरात चढविली, तो धक्क्याने यंत्राची कळ दाबली गेली, आणि आत कालपासून पडलेल्या चादरी गरगर फिरू लागल्या, आणि कुकर शेगडीसकट नाचत नाचत कडेस निघाला. रावांनी कुकर पकडीने धरिला आणि यंत्रास पोटाशी कवटाळिले, आणि तीन शिट्या होईतो राव, यंत्र आणि डाळ एकत्र थरथरत होती. बाहेरून बाई विचारीत, "काय चाललंय?" राव म्हणत, "घोटतोय!"

मग फोडणी जाहली, चिंच पडली, गूळ पडला, आणि रावांनी पुकारले, "मीठ किती घालू?"

बाई म्हणाल्या, "मीठ वाढलंय!"

राव चकित जाहले. न चाखता, न पाहता, नुसत्या वासावर बाईंनी ओळखिले की मीठ जास्त पडले आहे! आपण तर मीठ घातलेच नाही, बहुधा मसाल्यातच असावे, ऐसे म्हणून त्यांनी उपाय आरंभिला. खारट आमटीत बटाटा टाकतात, हे कोठेसे ऐकिले होते, म्हणून दोन बटाटे टाकिले, आणि खात्री राहावी म्हणून कणकेचे चार गोळे सोडिले, आणि वर तांब्याभर पाणी ओतिले.

मग ताट मांडिले. बाईंस पाटावर बसवेना, म्हणून पाटच पलंगावर चढविला आणि त्यावर ताट ठेविले, आणि झुंबरशेठ टाकून गेले होते त्या संगमरवराच्या भुकटीची भोवती रांगोळी काढिली. बाईंनी घास घेतला. डोळे मिटले. मग विचारले, "मीठ?"

"वाढलं होतं ना! तू म्हणालीस. म्हणून बटाटे घातले."

यावर बाई हसल्या. दोन महिन्यांत हसल्या नव्हत्या त्या पोट धरून हसल्या, आणि हसता हसता कळ आली तरी थांबेनात. "अहो, वाढलं म्हणजे डब्यातलं संपलं! आणायला पाठवणार होते कुणाला तरी. घरात संपलं म्हणू नये, वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो. कुंकू वाढलं, तांदूळ वाढले, असंच म्हणायचं असतं. एकेचाळीस वर्षं बाहेरच्या खोलीत बसून काय ऐकलंत?"

राव ताट उचलू लागले. "थांब, शेजारून मीठ आणतो."

"ठेवा ते. आयतं आहे, गरम आहे." आणि बाईंनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, आणि वाटी पुढे केली. "वाढा आणखी."

"हे कोणतं वाढा?" रावांनी विचारिले.

"हे खरं वाढा," बाई म्हणाल्या.

त्यानंतर चौथे दिवशी, दुपारी, बाईसाहेब गेल्या.

आणि चौदावे दिवशी झुंबरशेठ सुतारासह हजर जाहले. दिवसभर ठोकाठोक करून ओटा उभा केला, आणि खण ओढून दाखविला, तो खरोखरच आवाज न करता बाहेर आला. शेठ घाम पुसून म्हणाले, "काकूंना बोलवा की. त्यांनी ओढून बघितल्याशिवाय आपल्याला समाधान नाही. आहेत कुठं?"

रावांनी तोंड उघडिले. एक शब्द ओठांवर आला, पण तो या घरात म्हणावयाचा नव्हता. म्हणून दुसरा म्हणाले, "वाढल्या."

"वा!" शेठ हर्षित जाहले. "बरं झालं, लई वाळल्या होत्या हो."

रावांनी होय म्हटले आणि दरवाजापर्यंत पोहोचवून आले. मग वाण्याकडून मिठाची पिशवी आणिली, एकेचाळीस वर्षांचा उंबरा ओलांडिला, आणि बरणी काठोकाठ भरून खणात ठेविली, आणि खण लाविला. आवाज जाहला नाही.

येणेप्रमाणे मुदपाकखाना पडला आणि पुन्हा उभा राहिला. मीठ वाढले होते, ते भरले. बाकी जे वाढले, ते भरावयास बरणी मिळाली नाही. इति.