ब्याण्णववर लागलेला दादा

“तीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तारा जोडल्या! अख्ख्या शहराला एकमेकांशी बोलतं केलं! आणि हा एक खोका मला दाद देणार नाही?”

असं म्हणून मावशींनी स्क्रू-ड्रायव्हर असा काही उगारला, की त्यांच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, आपला चहाचा कप गपकन छातीशी घेतला.

खोका म्हणजे त्यांचा जुना स्टिरिओ रिसीव्हर. लाकडी अंगाचा, पुढे काचेची लांब पट्टी, पट्टीवर अठ्ठ्याऐंशीपासून एकशे आठपर्यंतचे आकडे. वजन एवढं, की एकानं तो उचलायचा आणि दुसऱ्यानं त्या उचलणाऱ्याला धरायचं! नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मावशींनी तो हौसेनं घेतला होता. रेकॉर्ड लावली की अजूनही भिंतीवरचं कॅलेंडर थरथरायचं. बिघडला होता तो फक्त ट्यूनर. बटण कितीही फिरवा, सुई जागची ढिम्म हलत नव्हती, आणि स्पीकरमधून कोणीतरी खडी चाळत असल्यासारखी खरखर यायची.

मेकॅनिकनं तो उघडायचेसुद्धा कष्ट घेतले नव्हते. “भंगारात द्या, मावशी. याचे पार्टही संपले आणि याला ओळखणारी माणसंही.”

“मी जिवंत आहे!” असं ठणकावून मावशी रिसीव्हर घेऊन परत आल्या होत्या.

घाईचं कारण होतं दादा, म्हणजे मावशींचे थोरले भाऊ. कोर्टातून निवृत्त झाल्यापासून त्यांनी पंधरा वर्षं गुलाब वाढवले होते, आणि रविवारी अकरा वाजता गुलाबाच्या मुळांची निगा या विषयावर ते रेडिओवर बोलणार होते. आयुष्यात पहिल्यांदाच! सगळ्या नातेवाइकांना त्यांचे दोन-दोनदा फोन झाले होते.

“मोबाईलवर ऐकू की,” काका म्हणाले.

“माझा सख्खा भाऊ! आणि त्याला मी साबणाच्या वडीतून ऐकू? जमणार नाही!”

शनिवारी सकाळी मावशींनी रिसीव्हर उघडला. आत एवढी धूळ होती की भाजी लावता आली असती! मावशींनी केस वाळवायचा ड्रायर लावला आणि ती सगळी धूळ काकांच्या पेपरवर, चष्म्यावर आणि टकलावर समान वाटली गेली. मग दिसला तो दोरा. बटणापासून निघून चार-पाच चाकांना वळसे घेत सुईला ओढणारा. तो पार सैल पडला होता.

“हाच तो चोर!” म्हणत मावशींनी त्याला जरासा ताण दिला. दोरा तटकन तुटला आणि त्याची स्प्रिंग टण्णकन उडाली. काका अर्धा तास सोफ्याखाली रांगले. स्प्रिंग सापडली ती त्यांच्याच चहात!

“दोरा कसा गुंडाळला होता, त्याचा आधी फोटो काढायचास,” काका कप निथळवत म्हणाले.

“एक्स्चेंजमध्ये आम्ही फोटो काढत बसलो असतो, तर लोक अजून पत्रंच लिहीत असते!”

मेण लावलेला जाड दोरा आणून मावशी तीन तास चाकांशी झुंजल्या. दोनदा दोरा सुटला, एकदा बोट अडकलं. संध्याकाळी त्यांनी बटण फिरवलं. सुई लोण्यातून गेल्यासारखी सरकली आणि खोलीत खणखणीत गाणं घुमलं! मावशींनी लगेच मेकॅनिकला फोन लावला, एक शब्दही न बोलता तो मिनिटभर स्पीकरसमोर धरला आणि ठेवून दिला.

रविवारी पावणेअकराला शेजारच्या काकू वही-पेन घेऊन हजर झाल्या. त्यांच्या बाल्कनीत चाळीस कुंड्या होत्या, त्यातले सहा गुलाब आजारी. मावशींनी सुई बरोब्बर ब्याण्णववर आणली आणि काकांना एरियलची तार देऊन खिडकीपाशी स्टुलावर उभं केलं.

“जरा डावीकडे! हात वर! आता हलू नका!”

अकराचे ठोके पडले. “...मूळ... खर्रर्र... व्याध... या विषयावर बोलायला आले आहेत ज्येष्ठ तज्ज्ञ... खर्रर्र...”

“दादा!” मावशींनी टाळी वाजवली.

“मूळव्याध?” काका स्टुलावरून म्हणाले.

“मुळांच्या व्याधी! गुलाबाला मुळं नसतात का? तार धरा नीट!”

“पण आवाज त्यांचा वाटत नाही,” काकू म्हणाल्या.

“घाबरला की तो असाच बोलतो. स्वतःच्या लग्नातही असाच बोलला होता!”

आवाज पुढे म्हणाला, “पाणी भरपूर हवं. सकाळी कोमट असेल तर उत्तम.”

“कोमट? गुलाबाला?”

“पंधरा वर्षांचा अनुभव आहे त्याचा. लिहा!”

“मोड आले म्हणून घाबरून जाऊ नका...”

“मोड आल्यावर कोण घाबरेल? आनंदच की!” काकू लिहिता लिहिता म्हणाल्या.

“...आणि लगेच कापायची घाई नको.”

“छाटणीवर आला बघा!” मावशींचे डोळे भरून आले.

“टबात कोमट पाणी घेऊन रोज दहा मिनिटं बसायचं...”

काकूंचं पेन थांबलं. “बसायचं? कोणी?”

“बसवायचं! कुंडी बसवायची! खरखरीत एक अक्षर गेलं, एवढंच.”

काका मात्र तार धरून, कान टवकारून शेवटपर्यंत पुतळ्यासारखे उभे होते.

कार्यक्रम संपताच काकू घरी धावल्या आणि मावशींनी दादांना फोन लावला.

“दादा, शब्दन् शब्द ऐकला! माझ्या रिसीव्हरवर! त्या कोमट पाण्याचं तर कोणाला सुचलंच नसतं!”

“कोमट?” दादा म्हणाले. “अगं, मुळं थंड राहू द्या असं मी तीनदा सांगितलं! कुठलं स्टेशन लावलंस?”

“ब्याण्णव! सुई समोर दिसतेय मला!”

नेमका तेव्हाच रिसीव्हरमधून निवेदिकेचा आवाज आला, “आपण ऐकत आहात एकशे चार! मूळव्याधीवरील हा कार्यक्रम आपल्याला कसा वाटला?”

मावशींनी सुईकडे पाहिलं. बटण उजवीकडे फिरवलं, डावीकडे फिरवलं. दोरा उलटा गुंडाळला गेला होता! स्टेशनं चढत होती आणि सुई उतरत होती.

“अगं, त्या काकू!” काका ओरडले.

शेजारच्या बाल्कनीतून वाफ येत होती. मावशी फोन टाकून धावल्या. टबात सहाही गुलाब ओळीनं बसले होते आणि काकू मनगटावरच्या घड्याळात बघत होत्या. “चारच मिनिटं झालीत, मावशी! अजून सहा आहेत!”

गुलाब वाचले. दादांचं बोलणं मात्र दोन दिवस बंद होतं.

संध्याकाळी काका दबक्या आवाजात म्हणाले, “दोरा पुन्हा लावावा लागेल ना?”

“मुळीच नाही! दोरा माझा बरोबर आहे. आकडे चुकीच्या टोकाकडून छापलेत त्यांनी!” मावशींनी कागदाची पट्टी कापली, तिच्यावर एकशे आठपासून अठ्ठ्याऐंशीपर्यंत आकडे लिहिले आणि काचेवर ठासून चिकटवली. “हं! आता लावते दादाचं स्टेशन.”

काकांनी चटकन बटणावर हात ठेवला. “राहू दे. एकशे चारवरच असू दे.”

“का?”

काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, “पुढच्या रविवारी तेच डॉक्टर आहारावर बोलणार आहेत.”

मावशींनी काकांच्या खुर्चीवर एक मऊ उशी आणून ठेवली.