परब काकींचा दिनकर

परब काकी लिफ्टमध्ये तोंडी परीक्षा घेतात. दार बंद झालं की सुटका नाही. विषय एकच, त्यांनी तुम्हाला वाचायला दिलेली कादंबरी. "मगे शुभा, खंय पावलंस?" असं त्या विचारतात, म्हणजे वाचत कुठपर्यंत आलीस. बरोबर कुणी परकं माणूस असलं तरी त्यांना फरक पडत नाही. एकदा त्यांनी कुरिअरवाल्यालाच विचारलं, या विधवेने दुसरं लग्न करावं की नाही? तो "करावं" म्हणाला आणि चुकीच्या मजल्यावर उतरला.

नायगावच्या चाळीत काकी आमच्या शेजारी राहायच्या. दादरच्या ग्रंथालयाचं सभासदत्व त्यांच्या एकटीच्या नावावर, पण पुस्तक वाचायचा सगळा मजला. एका दारातून पुढच्या दारात, ठरलेल्या क्रमाने. कुणाकडे ते जास्त दिवस राहिलं तर काकी गॅलरीत उभ्या राहून ओरडायच्या, "गो, ती पोरगी विहिरीकडे निघालीय आणि तुझ्या घरात अडकून पडलीय! सोड तिला!" पुस्तकातल्या माणसांबद्दल त्या अशाच बोलत. कादंबरीतल्या एका सासूचा त्यांना इतका राग आला की त्याच नावाच्या कोळणीकडून त्यांनी कित्येक दिवस मासे घेतले नाहीत. त्या कोळणीला अजून कारण कळलेलं नाही.

मला वाचायला त्यांनीच लावलं. शाळेतून आले की मी त्यांच्या खाटेखाली पडून वाचत असे, आणि आई शोधायला आली की काकी सरळ "हय नाय ता" म्हणून सांगत. हे मुद्दाम लिहिते आहे, म्हणजे पुढे मी जे केलं ते किती लाजिरवाणं होतं याचा अंदाज येईल.

चाळ पाडली, टॉवर झाला, सगळ्यांना त्यात घरं मिळाली. दारं बंद राहू लागली. एकीने चष्म्याचा नंबर वाढल्याचं सांगितलं, दुसरीने नातवंडांचं कारण पुढे केलं, आणि पुस्तकाची रांग माझ्या दाराशी येऊन संपली. मला नाही म्हणता येईना, आणि वाचनही होईना. ऑफिसातून आले की मी मोबाइल घेऊन बसते ती बसतेच. काकींची पुस्तकाची पिशवी दाराच्या कडीला लटकलेली असायची. मी मागच्या कव्हरवरचा मजकूर, सुरुवातीची दोन-चार पानं आणि शेवटचं पान वाचून परीक्षेला बसू लागले. पासही होऊ लागले.

मग दिनकर आला.

"नायिकेचा भाऊ कसा वाटला? दिनकर?" काकींनी लिफ्टमध्ये विचारलं.

"छान आहे."

"छान? बहिणीचे दागिने गहाण टाकले त्याने!"

"म्हणजे, तेवढं सोडलं तर."

दुसऱ्या दिवशी बाजू सावरायला मीच विषय काढला. म्हटलं, मला तो आधीपासूनच खटकत होता. तर काकी लगेच त्याची वकिली करू लागल्या. त्याला कावीळ झाली होती, घरात खायचे वांधे होते, आणि दागिने त्याने नंतर सोडवले की! मी म्हटलं, सोडवले, पण मनापासून नाही. तळमजला आला, लोक आत शिरले, लिफ्ट वर गेली, तरी आम्ही दोघी बाहेर उभ्या राहून भांडत होतो. पुढे कित्येक दिवस हेच चाललं. काकी ग्रंथालयात जाऊन पुस्तकाची मुदत वाढवून आणत होत्या. मग एका सकाळी त्या हळूच म्हणाल्या, "दिनकर गेला गो."

"कालच वाचलं," मी म्हटलं. "मला तर रडूच आलं."

लिफ्टमधल्या सावंत मामांनी डोक्यावरची टोपी काढली. "वाईट झालं. वय काय होतं?"

"तरणोच होतो," काकी म्हणाल्या.

त्याच आठवड्यात काकींना ताप आला आणि पुस्तक परत करायचं काम माझ्याकडे आलं. रविवारी सकाळीच ग्रंथालयात पोचले. म्हटलं, निदान दिनकरचं मरण तरी वाचून परत करावं. वाचनकक्षातल्या बाकावर बसून पानं उलटली. सापडेना. मागून पुढे आले, तरी सापडेना. शेवटी पहिल्या पानापासून नीट वाचायला घेतलं, ती थेट शिपाई पंखे बंद करायला आला तेव्हाच उठले. दिनकर कुठेही नव्हता. नायिका आईबापांची एकुलती एक होती.

माझे कान तापले. समोर पेपर वाचणाऱ्या आजोबांनाही सगळं कळलंय असं वाटायला लागलं. मी न वाचता थापा मारते हे काकींना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि मी मात्र त्यांना तोंड वर करून सांगत होते की मला रडू आलं.

संध्याकाळी त्यांची बेल वाजवली. शाल गुंडाळून त्यांनी दार उघडलं.

"काकी, दिनकर नाहीच त्यात."

मान खाली घालायची पाळी माझी होती, पण खाली बघितलं त्यांनी.

"तुझं खोटं पकडूकच नाव घेतलं होतं," त्या म्हणाल्या. "माका वाटलां, हसू आणि सोडून देऊ. पण दुसऱ्या दिवशी तू लिफ्ट सोडून माझ्याशी भांडत उभी राहिलीस. मगे नाय सांगवलं. दुपारी पडल्या पडल्या जुळवायचे, उद्या तुला त्याचं काय सांगायचं ते."

"मग मारलंत कशाला त्याला?"

"मुदत आणखी वाढवून देईनात गो. पुस्तक परत गेल्यावर तू कशाला थांबली असतीस?"

टॉवरात आल्यापासून मी त्यांच्या घरात एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. आत्ताही मी दाराबाहेरच होते आणि त्या तापलेल्या अंगाने चौकट धरून उभ्या होत्या. इतकी लाज मला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती. "आत ये" असं त्यांनी म्हटलं नाही. कुणाला तसं म्हणायची त्यांची सवय गेली होती.

"काकी," मी विचारलं, "आत येऊ?"